पत्रा नेमका फाटतो कुठे?

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पत्र्याचे पाच-सहा चौकोनी तुकडे पडलेले असतात. प्रत्येकाच्या मधोमध लिंबाच्या अर्ध्या फोडीएवढा फुगवटा आणि त्या फुगवट्यावर एक चीर. घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, "हे काय, रिजेक्ट माल आणलात का?" रिजेक्ट नाही. मुद्दाम फाडलेला आहे. प्रेस शॉपच्या टेस्टिंग लॅबमध्ये माझी बरीच वर्षं पत्रे फाडण्यात गेली आणि त्याचा पगार मिळाला, असं म्हटलं तरी चालेल.

या तुकड्यांना आम्ही एरिक्सनचे कप म्हणतो. ए. एम. एरिक्सन हा मूळचा नॉर्वेचा इंजिनिअर. त्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, जर्मनीत असताना, ही चाचणी रूढ केली आणि आज शंभर वर्षांनंतरही ती जवळजवळ तशीच चालते. पत्र्याचा तुकडा दोन रिंगांमध्ये घट्ट आवळायचा, सुमारे एक टनाच्या दाबाने. खालून २० मिलिमीटर व्यासाचा गुळगुळीत गोळा सावकाश वर ढकलायचा. वरच्या रिंगचं भोक २७ मिलिमीटरचं. पत्रा त्या भोकातून फुगत वर येतो, चकाकतो, मग एका जागी थोडा मळकट दिसायला लागतो आणि चीर पडते. चिरेतून पलीकडचा उजेड दिसला की थांबायचं आणि गोळा किती मिलिमीटर वर गेला ते वाचायचं. मिलिमीटर जाडीचा चांगला मऊ पत्रा अकराच्या आसपास जातो.

आकडा रजिस्टरमध्ये जातो, पण मला गंमत वाटते ती चिरेची. चीर फुगवट्याभोवती गोल फिरली असेल तर पत्रा सगळ्या दिशांना सारखा आहे. ती सरळ रेषेत, सुरीने कापल्यासारखी गेली असेल तर पत्र्याला दिशा आहे, रोलिंग मिलमध्ये ज्या बाजूने तो लाटला गेला तिच्याशी त्याची बांधिलकी जास्त आहे. आणि फुगवट्याचा पृष्ठभाग नागपुरी संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला असेल, तर भट्टीत पत्रा जास्त वेळ शेकला गेलाय आणि त्याचे स्फटिककण फार मोठे झालेत. हे सगळं डोळ्यांनी आणि अंगठ्याने कळतं.

आता लोकांच्या मनातला पहिला प्रश्न असतो मजबुतीचा. "पत्रा मजबूत आहे ना?" हार्डवेअरच्या दुकानात गेज विचारतात, कारखान्यात टेन्साइल विचारतात. मजबुती मोजणं सोपंही आहे. पत्र्यातून एक पट्टी कापायची, मध्ये अरुंद, दोन्ही टोकांना रुंद. ती यूटीएमच्या, म्हणजे ओढून तपासणाऱ्या यंत्राच्या, जबड्यांत धरायची आणि ओढायची. अरुंद भागाची रुंदी साडेबारा मिलिमीटर, जाडी ०.८, म्हणजे छेद दहा चौरस मिलिमीटर. करंगळीपेक्षा अरुंद. गाड्यांच्या दारांना वापरतात तो मऊ पोलादी पत्रा दर चौरस मिलिमीटरला साधारण ३०० न्यूटन सोसतो. हिशेब केला तर ही पट्टी तीन हजार न्यूटन, म्हणजे सुमारे तीन क्विंटल वजन पेलते. क्विंटलची तीन पोती करंगळीएवढ्या पट्टीवर टांगली, तेव्हा कुठे ती तुटते.

अशा ओढाओढीला व्यवसायाची शिस्त लावली ती डेव्हिड कर्काल्डी या स्कॉटिश माणसाने. लंडनमधल्या साउथवर्क भागात १८६०च्या दशकात त्याने फक्त तपासणीचा कारखाना काढला, आणि पुढे त्याच्या दारावर कोरून ठेवलं की इथे मतं नाहीत, तथ्यं मिळतील. १८७९मध्ये स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल कोसळला तेव्हा त्याचे तुकडे तपासायला याच माणसाकडे आले होते.

पुलाच्या लोखंडाला किती वजन पेलशील हे विचारणं बरोबर आहे. पत्र्याचं तसं नसतं. पत्र्याला आधी आकार घ्यायचा असतो. मोटारीचं दार, मोटारसायकलची टाकी, कुकरचं भांडं, सिंक हे सगळं सपाट पत्र्यातून दाबून, ओढून, वाकवून काढायचं. तिथे जो जास्त मजबूत तो बहुतेक वेळा जास्त नाठाळ. म्हणून पट्टी ओढताना आमचं लक्ष शेवटच्या आकड्यापेक्षा मधल्या प्रवासावर असतं.

पट्टी ओढायला लागलं की आधी ती रबरासारखी वागते, सोडली तर परत येते. मग यील्ड पॉइंट येतो. त्यापुढे ताणलेलं ताणलेलंच राहतं. पुढे बराच वेळ पट्टी सर्वांगाने सारखी लांबत जाते. आणि मग एका क्षणी कुठेतरी एकाच जागी तिची कंबर बारीक होते. कंबर पडली की खेळ संपला. बाकीची पट्टी स्वस्थ बसते आणि सगळी खेच त्या एका जागेवर येते. आमच्यासाठी पत्रा तुटतो तो तिथे, प्रत्यक्ष फाटण्याच्या आधीच.

कंबर लवकर का पडत नाही? याचं उत्तर तांबट आळीत मिळतं. पुण्याच्या कसब्यात तांब्याचं भांडं ठोकणाऱ्या कारागिराला विचारा. हातोडीचे घाव बसतात तसं तांबं कडक होत जातं, शेवटी हातोडी उडायला लागते. मग भांडं भट्टीत लालसर तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. मठारलेल्या लोट्यावरच्या त्या सुबक खळग्यांनी शोभा येते आणि भांडं ताठही होतं. धातू जिथे ताणला जातो तिथे तो कडक होतो, ही ती मूळ गोष्ट. पट्टीचा एखादा भाग जरा जास्त लांबला, की तो शेजाऱ्यांपेक्षा कडक होतो आणि म्हणतो, आता तुम्ही लांबा. ताण शेजाऱ्याकडे सरकतो. असं आळीपाळीने चाललं तोवर पट्टी एकसारखी लांबते. कडक होण्याचा वेग कमी पडला की वाटणी थांबते आणि कंबर पडते. आर्मां कॉन्सिदेर या फ्रेंच इंजिनिअरने १८८५मध्ये हे गणितात मांडलं.

या कडक होण्याच्या गुणाला आम्ही 'एन व्हॅल्यू' म्हणतो. गाडीच्या मऊ पोलादाची ०.२ किंवा थोडी जास्त, मऊ तांब्या-पितळेची त्याच्या दुपटीच्या घरात. माझ्या मते पत्र्याच्या सर्टिफिकेटवरचा सर्वांत मोलाचा आकडा हाच, आणि बहुतेक सर्टिफिकेटांवर तो नसतो.

असतो तो लांबीवाढीचा टक्का. पट्टीवर आधी ५० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, तुटल्यावर दोन्ही तुकडे जोडून अंतर मोजायचं. ७० भरलं तर ४० टक्के. यात एक गोम आहे. कंबरेपाशी झालेली जादा वाढ या ७०मध्ये धरलेली असते. तीच पट्टी ८० मिलिमीटरच्या खुणांनी मोजली तर ती जादा वाढ जास्त लांबीत विभागली जाते आणि टक्का कमी येतो. एका पुरवठादाराशी आमचा यावरून आठवडाभर पत्रव्यवहार चालला होता. ते म्हणत माल पास, आम्ही म्हणत होतो नापास. दोघंही खरं बोलत होतो, फुटपट्ट्या वेगळ्या होत्या.

एरिक्सनच्या कपात पत्रा कडेने आवळलेला असतो, म्हणजे तो फक्त ताणला जातो, पातळ होतो. पण डबा किंवा खोल पातेलं काढताना वेगळंच घडतं. गोल चकती डायवर, म्हणजे मध्ये भोक असलेल्या साच्यावर, ठेवतात, पंच म्हणजे वरचा दट्ट्या मधोमध खाली जातो आणि कडेचा पत्रा आत ओढला जातो. ज्यांनी उकडीचे मोदक केलेत त्यांना याचं विज्ञान हाताला ठाऊक आहे. पारी वर वळवायला लागलं की बाहेरचा मोठा घेर लहान घेरात मावत नाही, जास्तीची उकड कुठेतरी जायलाच हवी, म्हणून आपण तिच्या कळ्या पाडतो. पत्र्याचंही अगदी हेच. फक्त मोदकाच्या कळ्यांचं कौतुक होतं आणि पातेल्याच्या सुरकुत्यांचं होत नाही, म्हणून कडेवर रिंग दाबून त्या पडू द्यायच्या नसतात. रिंग जास्त दाबली तर पत्रा आत सरकत नाही आणि तळाशी, पंचाच्या कोपऱ्यावर फाटतो. कमी दाबली तर सुरकुत्या. प्रेस चालवणाऱ्याचं निम्मं कसब या दोन चुकांमधल्या वाटेत आहे.

चांगला पत्रा ही वाट रुंद करतो. पट्टी ओढली की तिची लांबी वाढते, म्हणजे रुंदी आणि जाडी कमी होणार. कोणती जास्त कमी होते? रुंदी जास्त आकसली आणि जाडी टिकली तर तो पत्रा खोल भांड्यासाठी उत्तम. कारण त्याला कडेकडून आत यायला जमतं आणि तो पातळ मात्र होत नाही. रुंदीतली घट भागिले जाडीतली घट, ही 'आर व्हॅल्यू'. १९५०मध्ये लँकफर्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ती वापरात आणली. जाडी थेट मोजत नाहीत, इतका बारीक फरक मोजताना चूक होते. लांबी-रुंदी मोजतात आणि घनफळ कायम राहतं या हिशेबाने जाडी काढतात. खास खोल ओढायच्या पोलादाची आर व्हॅल्यू दोनच्या जवळ जाते. ॲल्युमिनियमची एकाच्या खालीच राहते, म्हणून पोलादासाठी केलेल्या डायमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा टाकला की रडारड होते.

ही परीक्षा रोलिंगच्या दिशेने, आडवी आणि ४५ अंशांत अशी तीनदा करावी लागते. तिन्ही आकडे वेगळे आले तर भांड्याच्या काठाला लाटांसारखे उंचवटे येतात. त्यांना कान म्हणतात. बहुधा चार. ते छाटावे लागतात आणि छाटलेला कान भंगारात जातो. लाखो डबे काढणाऱ्याला मिलिमीटरभर कानाचीही किंमत कळते. प्रत्यक्ष भांडं काढून बघायची चाचणीही आहे, इंग्लंडच्या स्विफ्ट यांच्या नावाची. ५० मिलिमीटरचा पंच ठेवायचा आणि चकती मोठी मोठी करत जायची. ११० मिलिमीटरच्या चकतीपर्यंत न फाटता पेला निघाला तर गुणोत्तर २.२, आणि एका दमात त्याच्या फार पुढे सहसा जाता येत नाही. त्याहून खोल भांडं हवं तर दोन-तीन टप्पे करावे लागतात.

आता आमच्या फजितीची गोष्ट. मोटारसायकलच्या टाकीचा वरचा भाग काढत होतो. दिवाळीच्या सुमाराला आलेली कॉइल शेडमध्ये मागे राहून गेली होती, ती मे महिन्यात उघडली. सर्टिफिकेट उत्तम. भाग फाटला नाही, सुरकुतला नाही, पण टाकीच्या खांद्यावर, जिथे पत्रा जेमतेम ताणला जातो तिथे, सापाने सरपटून गेल्यासारखे नागमोडी वळ उठले. रंग दिल्यावर ते लपतील असं वाटलं होतं. रंगाने ते उठून दिसले. फिटर काका म्हणाले, "साहेब, डायला हात लावू नका. पत्रा म्हातारा झालाय."

काकांचं निदान अचूक होतं. लोखंडात विरघळलेले कार्बन-नायट्रोजनचे अणू बारीक आणि भटके असतात. स्फटिकातल्या ज्या दोषरेषा सरकल्यामुळे धातू ताणला जातो, त्या रेषांपाशी ते जाऊन बसतात आणि रेषा जखडून टाकतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी हे १९४९मध्ये समजावून सांगितलं. मग ओढ लावली की आधी काहीच हलत नाही आणि नंतर एका पट्ट्यात सगळं एकदम सुटतं, शेजारचा पट्टा अजून जखडलेलाच. तेच हे वळ. त्यांना जर्मन ल्युडर्सचं नाव आहे. त्याने ते १८६०मध्ये नोंदवले, जरी फ्रान्सच्या पिओबेर याला ते अठरा वर्षं आधीच दिसले होते. पोलादाच्या कारखान्यात यावर उपाय म्हणून पत्रा शेवटी रोलरमधून हलकेच, टक्काभर दाबून काढतात, म्हणजे रेषा मोकळ्या होतात. पण काळ गेला, त्यात उन्हाने तापलेलं शेड, की अणू पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतात. आम्ही त्या कॉइलची पट्टी ओढली तेव्हा आलेखात यील्डपाशी चांगली लांब सपाट पायरी दिसली. सर्टिफिकेट खोटं नव्हतं, शिळं होतं. हल्लीच्या 'आयएफ' जातीच्या पोलादात टायटॅनियम किंवा निओबियम घालून हे भटके अणू कायमचे बांधून टाकतात, ते पोलाद असं म्हातारं होत नाही. महाग असतं, एवढंच.

पत्र्याच्या बाबतीत काळ असाही दगा देतो हे पितळेने फार आधी शिकवलं होतं, आणि तेही आपल्याच देशात. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं कोठारात ठेवलेली, तपासून पास झालेली, पावसाळ्यात आपोआप तडकत. पितळेचा पत्रा खोल ओढून काडतूस काढलं की त्याच्या अंगात ताण साठून राहतो. जवळच्या तबेल्यातल्या लीद-मुतातला अमोनिया आणि पावसाळी दमट हवा त्यावर काम करत. या रोगाला इंग्रजीत नावच पडलं ते ऋतूवरून. उपाय साधा निघाला. तयार काडतूस हलकं तापवायचं, ताण विरतो. आणि तपासणी म्हणून नमुना पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा. आत ताण असेल तर थोड्या वेळात भेग पडते.

एरिक्सनचा आकडा, एन, आर हे सगळं पत्र्याबद्दल सांगतं. डायमध्ये पत्र्याच्या कोणत्या कोपऱ्यावर काय ओढवतं ते यातला एकही आकडा सांगत नाही. ते कळलं एका अगदी पोरकट वाटणाऱ्या युक्तीने. अमेरिकेत एमआयटीत स्टुअर्ट कीलर यांनी, बॅकोफेन यांच्या हाताखाली, १९६०च्या सुमारास सपाट पत्र्यावर बारीक वर्तुळांची जाळी उमटवली, साधारण अडीच मिलिमीटर व्यासाची, आणि मग पत्रा दाबला. वर्तुळांचे लंबगोल झाले. लंबगोलाची लांब बाजू सांगते तिथे किती ताणलं, आखूड बाजू सांगते आडव्या दिशेने काय झालं. फाटलेल्या आणि न फाटलेल्या जागांचे लंबगोल मोजून कागदावर ठिपके मांडले, तर दोन्हींच्या मधून एक रेषा जाते. रेषेखाली आहात तोवर सुखरूप. १९६८मध्ये गुडविन यांनी या रेषेची डावी बाजू, म्हणजे एका दिशेने ताण आणि दुसरीकडून आकसणं, भरून काढली.

रेषेचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा आहे, आणि तळाचा बिंदू बघून मी पहिल्यांदा चकित झालो होतो. पत्रा सर्वांत लवकर कधी फाटतो? दोन्ही दिशांना ताणला तेव्हा नाही. एका दिशेने ताणला आणि दुसऱ्या दिशेने ना वाढू दिला ना आकसू दिला, तेव्हा. लांबट खोबणी, दाराच्या कडेची रेघ, अशा जागी हेच होतं. तिथे सगळा हिशेब एकट्या जाडीला चुकवावा लागतो. मिलिमीटर जाडीच्या मऊ पोलादाला तिथे ३७ टक्क्यांच्या आसपास मर्यादा, म्हणजे अडीच मिलिमीटरचं वर्तुळ ३.४ पर्यंत लांबलं की खेळ संपला. प्रत्यक्षात आम्ही दहा टक्के हातचे राखतो.

आता हे काम कॅमेरे करतात, ठिपक्यांचा फवारा मारून क्षणाक्षणाचा ताण संगणकावर रंगांत दिसतो. मी मात्र बरीच वर्षं पारदर्शक मायलरची पट्टी आणि भिंग घेऊन लंबगोल मोजले आहेत. मान दुखते, पण पत्र्याशी ओळख होते.

नव्या पोलादांनी जुने आडाखे पुन्हा मोडले. अपघातात माणूस वाचावा आणि गाडी हलकी व्हावी म्हणून दुहेरी घडणीचे पत्रे आले, मऊ लोखंडात कडक मार्टेन्साइटची बेटं पेरलेले. मजबुती दुप्पट, एन व्हॅल्यूही चांगली, एरिक्सनमध्येही नाव ठेवायला जागा नाही. आणि तरी कापलेल्या कडेपासून फाटायचे. "साहेब, भाकरीसारखा चिरतोय," काका म्हणाले, आणि उपमा तंतोतंत होती. ज्वारीची भाकरी थापताना मध्ये ठीक असते, कडेला चिरते. पत्रा कापताना कडेवर कडक बेटं आणि मऊ लोखंड यांच्या सांध्यात न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, मग ती कड ताणली की त्या उघडतात. यासाठी भोकाची चाचणी आहे. पत्र्यात पंचाने दहा मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि ६० अंशांचा टोकदार शंकू त्यातून वर ढकलायचा. कडेची चीर आरपार गेली की थांबायचं, भोक किती टक्के मोठं झालं ते बघायचं. तेच भोक पंचाऐवजी घासून गुळगुळीत केलं तर आकडा कितीतरी वाढतो. म्हणजे दोष एकट्या पत्र्याचा नसतो, आपल्या बोथट पंचाचाही असतो. खरेदी खात्याला हे पटवायला मला दोन महिने लागले.

सर्वांत कडक पोलादाशी, दर चौरस मिलिमीटरला १५०० न्यूटन सोसणाऱ्या, ते थंड असताना कोणी भांडतच नाही. ते ९०० अंशांच्या वर तापवून मऊ असतानाच दाबतात आणि डायमध्येच विझवतात. लोहाराचीच रीत, फक्त घण हजार टनांचा.

जाता जाता तुमच्या स्वयंपाकघरातली एक चाचणी. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही, आणि भांडी घेताना कित्येक जण खिशात चुंबक घेऊन जातात. हे पोलाद ताणलं की जिथे जास्त ताण पडला तिथे त्याच्या स्फटिकांची रचना बदलून कडक मार्टेन्साइट होतं, आणि म्हणूनच ते ताण शेजाऱ्याकडे इतक्या चांगल्या रीतीने ढकलतं. हे मार्टेन्साइट चुंबकाला धरतं. म्हणजे खोल पातेल्याच्या सपाट तळाला चुंबक चिकटला नाही पण काठापाशी जरासा ओढला गेला, तर दुकानदाराशी भांडू नका.